डिस्प्ले लॅग आणि स्पर्धात्मक गेमिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्प्ले लॅग म्हणजे नेमके काय?

कन्सोलने किंवा संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाने तयार केलेले चित्र केबलमधून पडद्याकडे आल्यापासून ते प्रत्यक्ष उजळेपर्यंत जो वेळ जातो, त्याला डिस्प्ले लॅग म्हणतात. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजला जातो. चांगल्या गेमिंग मॉनिटरवर तो काही मोजक्या मिलिसेकंदांचा असतो, तर चित्र सुधारण्याच्या सगळ्या सोयी चालू ठेवलेल्या टीव्हीवर तो शंभराच्याही पुढे जाऊ शकतो. हा फरक नुसते चित्र पाहून कळत नाही. उलट ज्या पडद्यावर लॅग जास्त, त्यावरचे चित्र पुष्कळदा अधिक देखणे असते, कारण तो वेळ चित्र देखणे करण्यातच गेलेला असतो. हातात कंट्रोलर घेऊन खेळायला लागल्यावरच पात्र 'जड' वाटू लागते.

मग इनपुट लॅग, रिस्पॉन्स टाइम आणि पिंग या गोष्टी वेगळ्या आहेत का?

होय, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे बरेच जण चुकीच्या जागी खर्च करून बसतात. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतचा संपूर्ण वेळ म्हणजे इनपुट लॅग. डिस्प्ले लॅग हा त्यातला शेवटचा हिस्सा आहे. रिस्पॉन्स टाइम म्हणजे एका पिक्सेलला एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ. हा बदल संथ असला की हलणाऱ्या वस्तूमागे पुसट शेपूट दिसते, पण चित्र मुळात किती उशिरा आले याचा त्यावरून पत्ता लागत नाही. पिंग हा तुमचे यंत्र आणि सर्व्हर यांच्यातल्या जाण्या-येण्याचा वेळ असून त्याचा पडद्याशी काडीचाही संबंध नाही. गेम अडखळत असेल, प्रतिस्पर्धी एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसत असेल, तर दोष नेटवर्कचा किंवा संगणकाच्या ताकदीचा असण्याची शक्यता अधिक. डिस्प्ले लॅग मात्र असे काहीही दाखवत नाही. चित्र अगदी सुरळीत चालते, फक्त ते थोडे जुने असते.

बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत वेळ कुठे कुठे खर्च होतो?

आधी माऊस किंवा कंट्रोलर. साधा माऊस संगणकाला सेकंदाला १२५ वेळा आपली खबर देतो, म्हणजे दोन खबरींमध्ये ८ मिलिसेकंदांचे अंतर पडते. गेमिंग माऊस सेकंदाला १००० वेळा खबर देतो आणि हे अंतर १ मिलिसेकंदावर येते. त्यानंतर गेम ती खबर आपल्या पुढच्या फेरीत वाचतो, जगाची नवी स्थिती ठरवतो आणि ग्राफिक्स कार्डाला चित्र काढण्याचे काम देतो. ग्राफिक्स कार्ड आधीच्याच कामात गुंतलेले असेल तर नवे काम रांगेत थांबते. चित्र तयार झाल्यावर ते वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने पडद्याकडे पाठवले जाते, पडद्यातील चिप त्यावर आपली प्रक्रिया करते आणि सर्वांत शेवटी पिक्सेल रंग बदलतात.

या साखळीत गेमचा स्वतःचा वाटा किती मोठा असू शकतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. २०१६ मध्ये 'स्ट्रीट फायटर ५' बाजारात आला तेव्हा त्यात सुमारे आठ फ्रेमांचा (फ्रेम म्हणजे गेमने काढलेले एकेक चित्र), म्हणजे जवळजवळ १३० मिलिसेकंदांचा, विलंब असल्याचे खेळाडूंनी मोजून दाखवले होते आणि त्यावरून बरीच ओरड झाली होती. पुढे तो कमी करण्यात आला. २०२३ च्या 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये तर इनपुटचा विलंब घटवण्याचा पर्याय सेटिंग्जमध्येच दिलेला आहे. जिथे गेमच १०० मिलिसेकंद खातो, तिथे मॉनिटर बदलून ३ मिलिसेकंद वाचवण्यात फारसे हशील नाही.

माणसाची प्रतिक्रियाच २०० मिलिसेकंदांच्या पुढची असते. मग १०-२० मिलिसेकंदांनी असा काय फरक पडणार?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि तो रास्तही आहे. पडद्यावर काही चमकले की बटण दाबायचे, एवढ्या साध्या कामाला बहुतेकांना २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. परंतु लॅग या वेळात लपून जात नाही, तो त्यात मिळवला जातो. दोन तुल्यबळ खेळाडू एकमेकांसमोर आले असता जिंकण्यासाठी २०० मिलिसेकंद वाचवावे लागत नाहीत, समोरच्याच्या किंचित आधी गोळी सुटली तरी पुरते.

हे आकड्यांत मांडून पाहता येते. समजा, दोघांची सरासरी प्रतिक्रिया अगदी सारखी आहे आणि प्रत्येकाच्या वेळेत सरासरीच्या मागेपुढे साधारण २५ मिलिसेकंदांचा चढउतार होतो. लॅगही सारखा असेल तर निकाल अर्धा-अर्धा लागेल. आता एकाच्या पडद्याचा लॅग दुसऱ्यापेक्षा २० मिलिसेकंदांनी कमी केला, तर संख्याशास्त्राच्या हिशेबाने शंभरांपैकी सुमारे ७१ चकमकींत तोच आधी गोळी झाडेल. फरक ५ मिलिसेकंदांचा असेल तर हा आकडा ५५-५६ वर येतो. अर्थात खऱ्या सामन्यात दोघे इतके सारखे कधीच नसतात आणि कोण कुठे दबा धरून बसला आहे, याला प्रतिक्रियेच्या वेगापेक्षा जास्त वजन असते. तरीही २० मिलिसेकंद म्हणजे 'काहीच नाही' हे म्हणणे या हिशेबापुढे टिकत नाही आणि २ मिलिसेकंदांसाठी जिवाचे रान करण्यात अर्थ नाही, हेही त्यातूनच दिसते.

दुसरी बाब अशी की स्पर्धात्मक खेळ म्हणजे केवळ प्रतिक्रिया नव्हे. हलणाऱ्या लक्ष्यावर नेम धरून ठेवताना डोळा आणि हात यांचे सतत देणे-घेणे चालू असते: हात थोडा पुढे जातो, डोळा चूक पाहतो, हात ती सुधारतो. लॅग वाढला की प्रत्येक सुधारणा शिळ्या माहितीवर होते.

शूटर प्रकारच्या खेळांत लॅगचा परिणाम प्रत्यक्ष कसा दिसतो?

१९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर एखादा प्रतिस्पर्धी दोन सेकंदांत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो, असे समजू. त्याचा वेग सेकंदाला ९६० पिक्सेल झाला. पडद्याचा लॅग ५० मिलिसेकंद असेल तर तुम्हाला दिसणारा प्रतिस्पर्धी त्याच्या खऱ्या जागेपासून ४८ पिक्सेल मागे असतो. लॅग १० मिलिसेकंद असेल तर हे अंतर दहाएक पिक्सेलांवर येते. मध्यम अंतरावरच्या प्रतिस्पर्ध्याचे डोके पडद्यावर जेमतेम वीस-पंचवीस पिक्सेल रुंद असते, हे ध्यानात घेतले की या दोन आकड्यांतला फरक उमगतो.

प्रतिस्पर्धी सरळ रेषेत, एकाच वेगाने पळत राहिला तर मेंदू ही तूट आपोआप भरून काढतो आणि खेळाडू नकळत थोडा पुढे नेम धरू लागतो. खरी गोम आहे ती प्रतिस्पर्ध्याने एकाएकी दिशा बदलली तेव्हा. तो उजवीकडून डावीकडे वळलेला असतो, पण तुमच्या पडद्यावर अजून उजवीकडेच चाललेला दिसतो आणि तुमचा हातही त्याच दिशेने पुढे जात राहतो, त्यामुळे चूक दुपटीने वाढते. अनुभवी खेळाडू समोरासमोरच्या गोळीबारात डावी-उजवीकडे झटके देत हलतात, त्यामागे हेच गणित आहे. ज्याच्या पडद्याला लॅग अधिक, त्याला अशा हालचाली अधिक महागात पडतात.

फायटिंग गेम खेळणारे लॅग मिलिसेकंदांऐवजी फ्रेममध्ये का सांगतात?

या प्रकारचे बहुतेक खेळ सेकंदाला ६० फ्रेम या ठरावीक वेगाने चालतात आणि त्यातली प्रत्येक चाल किती फ्रेमांत सुरू होते, किती फ्रेम लागू राहते आणि किती फ्रेमांत संपते हे ठरलेले असते. एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. त्यामुळे ५० मिलिसेकंदांचा लॅग म्हणजे तीन फ्रेम, असे म्हटले की खेळाडूला त्याचा अर्थ तत्काळ कळतो.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, प्रतिस्पर्ध्याची एक चाल सुरू झाल्यापासून २० व्या फ्रेमला लागते आणि ती पाहून तुम्हाला उभे राहून अडवायची आहे. २० फ्रेम म्हणजे ३३३ मिलिसेकंद. तुमची प्रतिक्रिया २३० मिलिसेकंदांची असेल तर यंत्रणेच्या वाट्याला १०३ मिलिसेकंद उरतात. कन्सोल आणि गेम मिळून ६५ मिलिसेकंद घेत असतील आणि पडदा १० घेत असेल, तर बेरीज ७५ होते आणि चाल अडवता येते. त्याच जागी ७० मिलिसेकंदांचा टीव्ही आणला की बेरीज १३५ होते आणि ती चाल पाहून अडवणे तुमच्यासाठी अशक्य होते. मग उरतो तो निव्वळ अंदाज. शूटरमध्ये लॅगमुळे शक्यता थोडी-थोडी घसरते, इथे मात्र एक उंबरठा ओलांडला की अख्खी बचावाची पद्धतच हातातून जाते. म्हणूनच या खेळांच्या मंडळींनी पडद्यांचा विचार इतरांच्या बराच आधी सुरू केला. 'इव्हो' या मोठ्या स्पर्धेत २०१० च्या आसपास काही वर्षे आसुसचा व्हीएच२३६एच हा मॉनिटर वापरला जात असे आणि कित्येक खेळाडू सरावासाठी घरीही तोच घेत.

रिदम गेममध्ये, म्हणजे गाण्याच्या तालावर बटणे दाबायच्या खेळात, तर पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असते. तिथे लॅगचा त्रास का व्हावा?

कारण तिथे चित्र आणि आवाज यांचा मेळ लागतो आणि दोघांचा विलंब वेगवेगळा असतो. सुदैवाने येथील विलंब ठरावीक असल्यास तो गेमला सांगता येतो आणि गेम आपले मोजमाप तितके सरकवून घेतो. जवळजवळ प्रत्येक रिदम गेममध्ये त्यासाठी कॅलिब्रेशनचा, म्हणजे हा विलंब मोजून जुळवण्याचा, पर्याय असतो. २००८ च्या 'रॉक बँड २' सोबत मिळणाऱ्या गिटारमध्ये तर प्रकाश टिपणारा सेन्सर आणि मायक्रोफोन बसवलेला होता, त्यामुळे ती पडद्यासमोर धरली की हे मोजमाप आपोआप होत असे. शूटर किंवा फायटिंग गेममध्ये असा उपाय चालत नाही, कारण प्रतिस्पर्धी पुढे काय करणार हे गेमलाही ठाऊक नसते.

जुन्या सीआरटी (काचेच्या अवजड नळीच्या) पडद्यांना लॅग नसतो, हे खरे का?

बव्हंशी खरे आहे. सीआरटीमध्ये आलेला संकेत साठवून ठेवला जात नाही, तो येईल तसा इलेक्ट्रॉनच्या झोताने पडद्यावर रेखला जातो. तरीही सेकंदाला ६० वेळा रेखल्या जाणाऱ्या पडद्यावर वरच्या ओळीनंतर सर्वांत खालची ओळ जवळजवळ १६ मिलिसेकंदांनी उमटते, म्हणून मध्यभागाचा हिशेब धरला तर सुमारे ८ मिलिसेकंद होतात. आजचे वेगवान मॉनिटर या आकड्याच्या खाली गेलेले आहेत.

तरीही २००१ च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले'चे खेळाडू आजही स्पर्धांना अवजड सीआरटी टीव्ही वाहून नेतात. यात निव्वळ जुन्याची ओढ नाही. त्या काळच्या गेमक्यूब कन्सोलचा ॲनालॉग संकेत आधुनिक टीव्हीला दिला तर टीव्हीला आधी तो डिजिटल करावा लागतो, मग त्याचा आकार वाढवावा लागतो, आणि या दोन्हींत वेळ जातो. निन्टेन्डोच्या 'डक हंट'मधली बंदूक आजच्या टीव्हीवर चालत नाही, त्याचेही एक कारण हेच. चाप ओढल्यावर पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो प्रकाश एका ठरलेल्या क्षणी शोधते. चौकोन उशिरा उमटला की बंदुकीच्या लेखी नेम चुकलेला असतो.

आधुनिक टीव्हीला एवढा वेळ कशासाठी लागतो?

चित्रपट किंवा मालिका पाहताना चित्र दहावा हिस्सा सेकंद उशिरा आले तरी कोणाचेच काही बिघडत नाही, कारण आवाजही तितकाच उशिरा सोडता येतो. या सवलतीचा टीव्ही पुरेपूर फायदा घेतो. तो चित्रातली खरखर काढतो, कडा धारदार करतो, रंग आणि उजेड दृश्यागणिक बदलतो. सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे हालचाल मऊ करणे. दोन फ्रेमांच्या मध्ये एक नवी, काल्पनिक फ्रेम घालायची तर पुढची फ्रेम आधी हातात असावी लागते, म्हणजेच टीव्हीला किमान एक फ्रेम अडवून धरणे भागच पडते. हा विलंब चिप वेगवान केल्याने पूर्णपणे टळणारा नाही, तो त्या पद्धतीतच आहे.

गेम मोड चालू केल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि या साऱ्या विषयात विनाखर्च होणारी इतकी मोठी सुधारणा दुसरी नाही. गेम मोड वर सांगितलेली बहुतेक प्रक्रिया बंद करतो. ६० हर्ट्झ रिफ्रेश रेटवर, म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने उमटवत असताना, पुष्कळसे अलीकडचे टीव्ही यामुळे १० ते २० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात येतात आणि १२० हर्ट्झवर त्याहूनही खाली जातात. चित्र थोडे फिके वाटते, पण एक-दोन दिवसांत डोळे सरावतात.

अडचण अशी की अनेक टीव्हींवर ही सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळी साठवली जाते. कन्सोलची केबल एकातून काढून दुसऱ्यात लावली की गेम मोड गेला आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ मध्ये कन्सोलने टीव्हीला आपणहून गेम मोडमध्ये नेण्याची सोय आली, मात्र ती टीव्ही आणि कन्सोल दोघांकडे असावी लागते आणि दोन्हीकडच्या मेनूत चालूही असावी लागते. शिवाय काही टीव्हींवर गेम मोड लागलेला असतानाही हालचाल मऊ करण्याचा पर्याय स्वतंत्रपणे चालू ठेवता येतो, तोही तपासून बंद करावा.

मॉनिटरच्या खोक्यावर '१ मिलिसेकंद' लिहिलेले असते. तो लॅगच ना?

नाही. तो पिक्सेलच्या रिस्पॉन्स टाइमचा आकडा असतो, आणि तोही बहुधा सर्वांत अनुकूल परिस्थितीतला. करड्या रंगाच्या एका छटेतून दुसऱ्या छटेत जाण्याचा वेळ मोजताना बदलाची सुरुवातीची आणि शेवटची दहा-दहा टक्के वाट वगळण्याची रीत आहे. त्याशिवाय पिक्सेलला जोरकस धक्का देणारी ओव्हरड्राइव्ह सेटिंग टोकाला नेऊन हा आकडा मिळवता येतो, मात्र तसे केल्यास पिक्सेल हव्या त्या रंगाच्या पुढे जाऊन परततो आणि वस्तूंमागे उलट रंगाची कडा दिसू लागते. व्हीए या एलसीडी प्रकारच्या पॅनेलमध्ये गडद छटांमधले बदल विशेष संथ असतात, त्यामुळे अंधाऱ्या नकाशावर प्रतिस्पर्धी फरफटल्यासारखा दिसतो. ओएलईडी पॅनेलचे पिक्सेल मात्र खरोखरच मिलिसेकंदाच्या एका अंशात बदलतात. पण ओएलईडी टीव्हीलाही गेम मोडविना भरपूर लॅग असू शकतो.

रिफ्रेश रेट वाढवला की लॅग कमी होतो का?

साधारणतः होतो, कारण चित्राला आपल्या पाळीसाठी कमी वेळ थांबावे लागते आणि ते वरून खाली लवकर उमटते. ६० हर्ट्झवर एक फेरी १६.७ मिलिसेकंदांची, १४४ वर ६.९, २४० वर ४.२, ३६० वर २.८ आणि ५०० वर २ मिलिसेकंदांची. हे आकडे नीट पाहिले तर ६० वरून १४४ वर जाण्यात जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, तर २४० वरून ५०० वर जाण्यात फक्त दोन. पहिली पायरी बहुतेकांना जाणवते. शेवटची पायरी व्यावसायिक खेळाडूंनी चढावी, बाकीच्यांनी तो पैसा दुसरीकडे लावावा असे आमचे मत आहे.

दोन गोष्टी इथे हमखास नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे नवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडल्यावर विंडोज पुष्कळदा तो ६० हर्ट्झवरच चालवते. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंग्जमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने निवडावा लागतो, आणि कित्येकांचे महागडे मॉनिटर महिनोन्महिने तसेच चालत राहतात. दुसरी म्हणजे काही वेगवान मॉनिटर ६० हर्ट्झचा संकेत आल्यास पूर्ण फ्रेम आधी साठवतात आणि मग ती आपल्या नेहमीच्या वेगाने पडद्यावर उतरवतात. अशा मॉनिटरला ६० हर्ट्झचा कन्सोल जोडला तर साध्या मॉनिटरपेक्षा जास्त लॅग मिळू शकतो.

व्ही-सिंक चालू ठेवावे की बंद?

स्पर्धेसाठी खेळत असाल तर साधे व्ही-सिंक बंद ठेवावे. ते चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसू देत नाही, पण त्यासाठी तयार फ्रेमला पडद्याच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबवून धरते, आणि मागच्या फ्रेम रांगेत साचू लागल्या की विलंब दोन-तीन फ्रेमांपर्यंत जातो. ६० हर्ट्झवर याचा अर्थ ३० ते ५० मिलिसेकंद. मॉनिटरचा रिफ्रेश रेटच फ्रेमच्या वेगाप्रमाणे बदलण्याचे तंत्र, म्हणजे २०१३ मध्ये आलेले जी-सिंक आणि त्यानंतरचे फ्रीसिंक, हा मधला मार्ग आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर गेममधील फ्रेमची मर्यादा रिफ्रेश रेटच्या थोडी खाली ठेवावी, उदाहरणार्थ १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर १४० च्या आसपास. मर्यादा ओलांडली की पुन्हा व्ही-सिंकची रांग सुरू होते किंवा चित्र फाटते.

ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने राबत असतानाही कामाची रांग लागते, मग व्ही-सिंक बंद असो वा चालू. त्यामुळे चित्राचा दर्जा एक पायरी उतरवून कार्डाला थोडी उसंत देणे हा लॅग घटवण्याचा खात्रीचा उपाय आहे. एनव्हिडियाने २०२० मध्ये आणलेले रिफ्लेक्स हीच रांग आटोक्यात ठेवते. ज्या गेममध्ये ते उपलब्ध आहे तिथे ते चालू करावे. याउलट फ्रेम जनरेशनपासून, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमांमध्ये कृत्रिम फ्रेम घालण्याच्या सोयीपासून, स्पर्धात्मक खेळात लांब राहावे. त्याने फ्रेमचा आकडा फुगतो, पण मधली फ्रेम बनवण्यासाठी पुढची खरी फ्रेम अडवून धरावी लागते, म्हणजे टीव्हीच्या हालचाल मऊ करण्याच्या सोयीत जो दोष आहे तोच इथेही येतो.

महागडी एचडीएमआय केबल घेतल्याने लॅग कमी होईल का?

नाही. केबलमधून संकेत जायला काही अब्जांश सेकंद लागतात. केबल हवा तो रिफ्रेश रेट पेलणारी असली की झाले.

मग कॅप्चर कार्ड, कन्व्हर्टर आणि वायरलेस साधनांचे काय?

कॅप्चर कार्डातून (खेळाचे चित्र रेकॉर्ड करणाऱ्या साधनातून) थेट पुढे जाणाऱ्या आउटपुटवर खेळावे. रेकॉर्डिंगच्या खिडकीत दिसणारे चित्र बरेच उशिरा येते, त्यावर पाहून खेळू नये. ॲनालॉगचे डिजिटल करणाऱ्या कन्व्हर्टरांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो: काही ओळीमागून ओळ पुढे सोडतात, तर काही आख्खी फ्रेम धरून ठेवतात. यूएसबी डोंगलवर चालणारे चांगले वायरलेस गेमिंग माऊस आता तारेच्या माऊसच्या तोडीचे झाले आहेत, मात्र ब्लूटूथवर जोडलेल्या माऊसबाबत तसे म्हणता येत नाही. वायफायवरून टीव्हीवर चित्र पाठवून स्पर्धात्मक खेळ खेळण्याचा विचारही करू नये.

घरच्या घरी लॅग मोजता येतो का?

बऱ्यापैकी येतो. फक्त पडद्याचा लॅग मोजायचा तर लिओ बोडनार यांनी बनवलेल्या उपकरणासारखे साधन लागते. ते स्वतःच चित्राचा संकेत पाठवते, पडद्यावर वर, मध्ये आणि खाली लुकलुकणाऱ्या पट्ट्यांवर त्याचा सेन्सर टेकवला की संकेत आणि प्रकाश यांच्यातले अंतर दाखवते.

संपूर्ण साखळीचा लॅग मोजायला सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा मोबाइल कॅमेरा पुरतो. माऊसचे बटण आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइल स्टँडवर लावावा, गेममध्ये बंदुकीचा जाळ तत्काळ दिसेल असे शस्त्र निवडावे आणि बोट आपटून क्लिक करावे. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण तळाला टेकल्याची फ्रेम आणि जाळ दिसल्याची फ्रेम यांच्यातले अंतर मोजावे. प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची, त्यामुळे १२ फ्रेम आल्या तर लॅग सुमारे ५० मिलिसेकंदांचा. एका क्लिकवर विसंबू नये, क्लिक रिफ्रेशच्या कोणत्या क्षणी पडली यावर आकडा खाली-वर होतो. वीसेक वेळा मोजून सरासरी काढावी आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडाही टिपून ठेवावा.

दोन पडद्यांवर एकच स्टॉपवॉच दाखवून फोटो काढण्याची जुनी पद्धत अजूनही सांगितली जाते. तिच्याने फक्त दोन पडद्यांतला फरक कळतो आणि स्टॉपवॉचचे आकडेच ६० हर्ट्झवर बदलत असल्याने तोही ओबडधोबड असतो.

लॅग कमी पण अस्थिर असणे बरे, की थोडा जास्त पण स्थिर असणे?

आकडे फार दूर नसतील तर स्थिर लॅग बरा. मेंदू ठरावीक विलंबाशी जुळवून घेतो. कायम ३० मिलिसेकंदांच्या पडद्यावर सराव केलेला खेळाडू आपली वेळ तेवढी आधी सरकवून बसलेला असतो. कधी १५ तर कधी ४० असा हेलकावे खाणारा लॅग असला की सवयीला आधारच उरत नाही. ज्या संगणकावर फ्रेमचा वेग ९० आणि २०० यांच्यामध्ये झुलतो, तिथे तो १२० वर बांधून टाकल्याने नेम सुधारल्याचा अनुभव अनेकांना येतो, तो यामुळेच.

स्पर्धेच्या ठिकाणी अनोळखी पडदा समोर आल्यावर होणारा गोंधळही याच सवयीपायी होतो. तिथला पडदा तुमच्या घरच्यापेक्षा वेगवान असला तरी पहिल्या काही फेऱ्यांत वेळ चुकतो, कारण हात अजून जुन्या विलंबाचा हिशेब धरून चाललेला असतो. शक्य असल्यास स्पर्धेत कोणता मॉनिटर आहे हे आधी विचारून घ्यावे, आणि सराव फेरीत सामने खेळण्याऐवजी ज्यांची वेळ अचूक लागते अशा दोन-तीन कॉम्बो (एकापाठोपाठ लागणाऱ्या चालींच्या साखळ्या) किंवा नेमाच्या कवायती कराव्यात.

ऑनलाइन खेळताना पिंगच ५० असते. तेव्हा पडद्याचे १५ मिलिसेकंद वाचवून काय साधणार?

दोन्ही विलंब एकाच जातीचे नसल्यामुळे साधते. पिंगचा परिणाम झाकण्यासाठी गेममध्ये बरीच व्यवस्था असते. शूटरमध्ये सर्व्हर काळ मागे नेऊन, तुमच्या यंत्रावर प्रतिस्पर्धी ज्या जागी होता तिथे गोळी लागली का, हे तपासतो. फायटिंग गेममध्ये रोलबॅक पद्धत समोरच्याच्या चालीचा अंदाज बांधून खेळ पुढे नेते आणि अंदाज चुकल्यास मागे येऊन दुरुस्ती करते. टोनी कॅनन यांनी २००६ च्या सुमारास जीजीपीओ या सॉफ्टवेअरद्वारे ती रुळवली. या व्यवस्थांना तुमच्या पडद्याची मात्र काहीच माहिती नसते. सर्व्हर तुमच्या संगणकातली स्थिती प्रमाण मानतो, आणि पडद्याला ५० मिलिसेकंद लागत असतील तर तुम्ही ज्यावर नेम धरला ते चित्र त्या स्थितीच्या ५० मिलिसेकंद मागचे असते. ही तूट कोणीही भरून देत नाही.

नवा पडदा घेताना परीक्षणांत नेमके काय पाहावे?

लॅगचा आकडा कोणत्या रिफ्रेश रेटवर आणि पडद्याच्या कोणत्या भागात मोजला आहे ते आधी पाहावे. मध्यभागी मोजलेला आकडा आणि वरच्या कडेला मोजलेला आकडा यांची थेट तुलना होऊ शकत नाही, ६० हर्ट्झवर केवळ तेवढ्याने आठेक मिलिसेकंदांचा फरक दिसतो. कन्सोल जोडणार असाल तर ६० आणि १२० हर्ट्झचे आकडे स्वतंत्रपणे शोधावेत, कमाल रिफ्रेश रेटवरचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. टीव्ही घेत असाल तर गेम मोडमध्ये एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवण्याची सोय) आणि बदलता रिफ्रेश रेट चालू असतानाचा आकडा वेगळा दिला आहे का, तेही तपासावे. आणि पडदा घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी वर सांगितलेली कॅमेऱ्याची चाचणी जुन्या व नव्या पडद्यावर, त्याच संगणकावर आणि त्याच गेममध्ये करून दोन्ही सरासरींची वजाबाकी करावी.